वस्तऱ्याचा गंज आणि हाडाची मूठ : वाचकांचे प्रश्न

आजोबांचा वस्तरा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. पात्यावर शेफील्डचा शिक्का आहे, पण तांबडा गंज चढलाय. सुरुवात कुठून करू? (लालबाग)

घासायच्या आधी बघा. भिंग घ्या आणि धारेची कड उजेडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. पात्याच्या पोटावर कितीही डाग असले तरी वस्तरा चालतो. धारेलगत खड्डे पडले असतील किंवा केसाएवढी चीर गेली असेल, तर मात्र दाढीचा विचार सोडा आणि वस्तरा आठवण म्हणून जपा.

कड शाबूत असेल तर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुटलेला गंज फडक्याने पुसून घ्या. मग धारेवर चिकटपट्टीचे दोन पदर चढवा, पातं फळीवर सपाट ठेवा आणि वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर) लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून ६००, १०००, २००० असे चढत जा; आकडा मोठा तितका दाणा बारीक. हात नेहमी पात्याच्या पाठीकडून, म्हणजे जाड कडेकडून, धारेकडे, बाहेर जाणारा हवा. धारेच्या समोरून आत येणारा हात कापतोच. पात्यावर सोनेरी अक्षरं असतील तर तिथे ब्रासोसुद्धा लावू नका, तो मुलामा चार-दोन हातांत निघून जातो.

तांबडं गेलं की थांबा. मागे राहिलेले काळसर डाग खोदून काढायला गेलात तर आजोबांच्या वस्तऱ्याचं पोलाद आणि शिक्का दोन्ही झिजवाल. आरशासारखं चकचकीत केलेलं जुनं पातं मला बघवत नाही.

धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर एकदम टेकलेल्या हव्यात, कारण पाठीची जाडीच कोन ठरवते. १००० च्या दगडावर धार बसवा, ८००० पर्यंत न्या, शेवटी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे.

हे सगळं ग्राइंडरवर पटकन होणार नाही का? (डोंबिवली)

नाही. धारेजवळचं पोलाद इतकं पातळ असतं की क्षणात तापतं. २०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते मऊ पडू लागतं. निळी झाक दिसली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, त्यानंतर कितीही निसलं तरी धार टिकायची नाही.

मुठीची एक पट्टी तुटली होती, म्हणून हाडाची नवी जोडी बसवायची आहे. पण नवं हाड पांढरंफटक दिसतं. जुनं कसं दिसेल? (गिरगाव)

हाड घासताना मास्क लावा आणि पाणी मारत घासा, ती भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही. मग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन तेलकटपणा काढा. उकळू मात्र नका. उकळल्याने हाड ठिसूळ होतं, वाकतंही.

रंगासाठी घट्ट कोरा चहा, दूधसाखर नाही. तो निववून घ्या आणि पट्ट्या त्यात बुडवा. पातं आणि लोखंडी खिळे आधी काढलेले असू द्या, नाहीतर चहा आणि लोखंड मिळून काळे डाग पडतात. दर काही तासांनी बाहेर काढून वाळवून बघा, कारण ओली पट्टी खऱ्यापेक्षा गडद दिसते. बारीक छिद्रांत आणि कापलेल्या टोकांना रंग जास्त मुरतो, आणि तेच हवं आहे. जास्त तपकिरी छटा हवी तर पोटॅशियम परमँगनेटचं अगदी फिकट गुलाबी पाणी चालतं, पण आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा.

खरी कसोटी पुढे आहे. जुनी मूठ सगळीकडे सारखी पिवळी नसते. बोटं टेकतात तिथे ती उजळ आणि गुळगुळीत होते, खिळ्यांभोवती आणि कडांच्या खाचांत काळपट राहते. म्हणून रंग चढल्यावर वस्तरा धरल्यासारखी पट्टी हातात घ्या, बोटं कुठे पडतात ते बघा आणि तेवढाच भाग २००० च्या कागदाने हलका उजळा. मग मेणाचा हात द्या.

हा वस्तरा पुढे कधी विकलात तर मूठ नवी आहे हे सांगूनच विका. जुन्या पात्याला शोभावं म्हणून रंग देणं हे काम आहे, जुनं म्हणून खपवणं फसवणूक आहे.

चोर बाजारात पांढऱ्या मुठीचा वस्तरा मिळाला. विकणारा हस्तिदंत म्हणाला. मी तो पुढे विकू शकतो का? (दादर)

आधी मुठीचं कापलेलं टोक भिंगाखाली बघा. हाडात बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हस्तिदंत निघाला तर विकायचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंतही त्यात आला. जवळ ठेवण्याबाबतही वनविभागालाच विचारा.

तापलेली सुई टोचून ओळखायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची असली तर ती भडकन पेट घेते.

पातं मुठीत जातं तेवढ्याच भागावर गंज येतो. तेल लावूनही थांबत नाही. (विलेपार्ले)

मूठ पिवळसर, अर्धपारदर्शक आहे का? असेल तर बहुधा तेच सेल्युलॉइड आहे आणि ते कुजतंय. त्यातून निघणारा आम्लाचा वायू पोलाद खातो. अशा मुठीला इलाज नाही. ती काढा, पात्यापासून आणि दुसऱ्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा, आगीजवळ तर नकोच, आणि नवी पट्टी बसवा.

मूठ हाडाची किंवा लाकडाची असेल तर दोष आपल्या हवेचा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. दाढी झाली की पुसा, मुठीच्या आतूनही कापडाची पट्टी ओढून घ्या, तेलाचा हात द्या आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चामड्याच्या म्यानात नको, चामडं ओल धरतं.