भजनाच्या गलक्यात एकच आवाज कसा ऐकू येते, अन् त्यात करिअर आहे का?

आर्वी तालुक्यातल्या बारावी सायन्सच्या एका मुलीनं लिहिलं आहे की गावच्या खंजिरी भजनात हार्मोनियम, टाळ, खंजिरी, दहा जणांचे गळे सगळं एकदम चालू असते तरी कोणाचा सूर हलला ते तिला कळते, अन् बाजूला बसलेले आबाजी म्हणतात, "आवाज येते वं, पण समजत नाही." असं काहून होते, याचं शिक्षण असते का, घरचे तर नर्सिंगच म्हणून राह्यले.

बेटा, प्रश्न लय चांगला आहे तुझा. कानाच्या पडद्यावर सगळे आवाज मिसळून एकच लाट येते, आतला शंखासारखा कॉक्लिया जाड-बारीक आवाज वेगळे करते, अन् मग मेंदू त्याचे गठ्ठे बांधते. खंजिरीची थाप अन् तिच्या चकत्यांची छनछन एकाच क्षणी सुरू होते म्हणून ते एक वाद्य. हार्मोनियमच्या एका सुरात २००, ४००, ६०० हर्ट्झ असे पटीतले आवाज असतात, ते दुसरा गठ्ठा. शिवाय डाव्या-उजव्या कानात आवाज पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडते, त्यावरून दिशा कळते. पुढच्या भजनात एका कानात बोट घालून पाय, लगेच समजन. १९५३ मध्ये कॉलिन चेरी नावाच्या ब्रिटिश संशोधकानं लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली, तर ज्याकडे लक्ष नव्हतं त्याची भाषा बदललेलीही बऱ्याच जणांना कळली नाही, म्हणजे लक्ष कुठं आहे हेही आलंच त्यात.

आबाजीचं असं आहे की वयानं आधी बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ सुटतात, स्वर राहतात, मग तू "सोळा" म्हटलं का त्याहीले "पोळा" वाटते, अन् गर्दीत तर काहीच सुटं होत नाही. ओरडून बोलल्यानं हे सुधारत नाही, घरी सगळ्याइले सांग.

शिक्षणाचं नाव बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी (ऐकण्याची तपासणी अन् उपचार) अन् स्पीच थेरपी (बोलण्याचे उपचार), तीन वर्षं अन् एक वर्ष इंटर्नशिप. म्हैसूरची एआयआयएसएच ही वाचा अन् श्रवणाची १९६५ पासूनची सरकारी संस्था, मुंबईत बांद्र्याला अशीच अली यावर जंग संस्था आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पक्कं ठेव, प्रवेशाचे नियम यंदाच्या माहितीपत्रकातच पाय. कॉलेज भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलंच घे, पुढे प्रॅक्टिससाठी तिथंच नोंदणी लागते, यात फसलेली पोरं मी पाह्यली आहेत. नर्सिंग वाईट नाही, पण तुझा कान तिकडं वाया जाईल असं मले मनापासून वाटते.

आधी आबाजीले घेऊन वर्ध्याले कानाची तपासणी करून आण, अन् तिथं ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी करणाऱ्या ताईच्या बाजूले अर्धा तास बसू देतात का ते विचार.