रोज प्रार्थना करूनही देव जवळ आहे असं वाटत नाही. मग त्याच्या कृपेवर भरवसा कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की रविवारची उपासना चुकवत नाही, रोज प्रार्थना करता, तरी आतून सगळं कोरडंच. मी पाळक नाही, शास्त्राची अभ्यासकही नाही. नगरच्या एका मंडळीत लहानाची मोठी झाले, एवढंच. म्हणून घरातलंच सांगते.

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चार वर्षांपासून सुरू आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दर खेपेला चार तास. पहिलं वर्षभर मी एकच मागणं मागत होते, ह्यांना बरं कर. बरं झालं नाही. मंडळीतल्या एका ताईंनी मायेनेच सांगितलं, "विश्वास कुठेतरी कमी पडतोय गं." त्या रात्री भांडी घासता घासता रडले. खरं सांगू का, देवापेक्षा ताईंचाच राग जास्त आला होता. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं (2 करिंथ 12). पौलाचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का?

त्या 'पुरे' शब्दाशी मी खूप दिवस भांडले. मला भरपूर हवं होतं. पुढच्या पाच वर्षांची खात्री, पैशांची सोय, मुलीचं शिक्षण, सगळं आजच. मग बायबलमधल्या निर्गमाचा 16 वा अध्याय वाचताना अडखळले. रानात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तो माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), त्या दिवसापुरता. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. एरवी कुणी उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडायचे. आणि पहिल्यांदा तो जमिनीवर दिसला तेव्हा लोकांनी विचारलं, "हे काय?" कृपा समोर पडली होती आणि ओळखता आली नाही! प्रभूच्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर 'आज' दे असंच म्हणतो. लहानपणापासून म्हणत आले, तो 'आज' कधी ऐकलाच नव्हता.

आता जाणवण्याबद्दल. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. मठाच्या स्वयंपाकघरात राबताना देवाशी बोलत राहायचे, त्यासाठीच आजही लोक त्यांची आठवण काढतात. पण त्यांनीच पत्रात लिहिलंय की सुरुवातीची दहा वर्षं मनाला फार यातना झाल्या. हे मात्र प्रवचनात सहसा कुणी सांगत नाही.

स्तोत्र 88 वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेवर येतात, हे येत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि सुरुवात "हे परमेश्वरा" अशीच आहे. तुमची कोरडी प्रार्थनाही प्रार्थनाच आहे.

मी काय करते? ह्यांच्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, तो चालू आहे की नाही हे रोज सकाळी बोट ठेवून बघावं लागतं. बारीक थरथर लागते. बोट तिथे असतानाच मी म्हणते, "प्रभू, आजचा दिवस." बस्स, एवढंच. पूर्वी पहाटे तासभर गुडघे टेकायचे, आता जमत नाही. सुरुवातीला अपराधी वाटायचं, हल्ली वाटत नाही. काही दिवशी त्या तीन शब्दांनी मन शांत होतं. पुष्कळ दिवशी काहीच होत नाही, आणि मी पाण्याची बाटली मोजून भरायला उठते, कारण ह्यांना दिवसाला ठरलेलंच पाणी चालतं.

आणखी एक, दमलेल्या अवस्थेत स्वतःच्या विश्वासाचा हिशोब मांडू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला (1 राजे 19), तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं. खाऊन तो परत झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं. रागावला नाही.

उद्या शुक्रवार आहे, सहाला निघायचंय. इथेच थांबते.