“म्हणजे पिशवी काढणार ना, मॅडम?”

ताई खुर्चीत टेकायच्या आधीच हे विचारून मोकळ्या झाल्या. केसपेपरवर डॉक्टरांनी ‘हिस्टेरोस्कोपी’ लिहिलं होतं. बहिणीची हिस्टरेक्टॉमी झालेली, त्यामुळे ‘हिस्ट’ एवढं दिसताच पुढचं त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं. रात्रभर झोप नाही.

हा गोंधळ इतक्या जणींचा होतो की मी आता पेन हातात घेऊनच बसते. ग्रीकमध्ये ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘स्कोपी’ म्हणजे पाहणं. केसपेपरवरच्या शेवटच्या दोन अक्षरांखाली मी ठळक रेघ मारली.

ताईंचं वय 41. पाळी दहा-दहा दिवस चालायची, मध्येच डाग. सोनोग्राफीत आतल्या अस्तरावर पॉलिपची, म्हणजे अस्तरातून वाढलेल्या छोट्या मांसल गाठीची, शंका आलेली. पण सोनोग्राफीत दिसते ती सावली. दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहता येतं, आणि पॉलिप असलाच तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढून तपासणीला पाठवतात.

“कापणार कुठे?”

कुठेच नाही. दुर्बीण योनीमार्गातून, गर्भाशयाच्या मुखातून आत जाते. मी पेनातली रिफिल काढून दाखवली. तपासणीची दुर्बीण तिच्यापेक्षा जराशी जाड, इतकंच. पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटून असतात, म्हणून सलाइन सोडून ती थोडी फुगवतात. तेव्हा पाळीसारख्या कळा येतात. “अजिबात दुखत नाही” असं मी कुणालाच सांगत नाही, कारण काहींना चांगलंच दुखतं. भूल द्यायची का, कोणती, हे डॉक्टरांना आधीच विचारायचं. पाळी थांबल्यावर लगेचचे दिवस सोयीचे, कारण अस्तर पातळ असतं. दिवस गेले नाहीत याची खात्री मात्र हवी.

वारंवार गर्भपात, पिशवीच्या आत असलेला जन्मजात पडदा, चिकटलेलं अस्तर, दोरा न सापडणारी कॉपर-टी, यांसाठीही हीच दुर्बीण. 1869 साली पँटालिओनी या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा वापरली, तेव्हाही पाळी गेल्यावर रक्तस्राव होणाऱ्या बाईंच्या पिशवीत पॉलिपच सापडला होता!

नंतर थोडे दिवस डाग दिसतात. ताप, घाण वासाचा स्राव किंवा खूप रक्त जाऊ लागलं तर थांबायचं नाही. पिशवीला छिद्र पडणं क्वचित होतं, पण होतं, तेही सांगितलं.

“आणि पुढे कधीच काढावी लागणार नाही?” तसा शब्द मी दिला नाही. ते रिपोर्टवर ठरेल.

बाहेर जाता जाता त्यांनी बहिणीला फोन लावला. “अगं, काढत नाहीयेत. बघतायत नुसतं.”