जुन्या जीपला मोठे इंजिन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे पेजो ‘एक्सडीपी 4.90’ डिझेल इंजिनाची जुनी महिंद्रा जीप असून तिची नोंदणी खासगी वाहन म्हणून चालू आहे. खताची पोती भरून घाट चढताना ती दमते, आणि महामार्गावर ती 100 च्या वेगाने पळावी असा मुलाचा आग्रह आहे. भंगारात निघालेल्या बोलेरोचे 2523 सीसीचे टर्बो डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये उडवणारे) इंजिन स्वस्तात मिळत आहे. घरच्या गोठ्यात चेनकप्पी लावून आम्ही बापलेक ते बसवू शकू काय? मागचे डिफरन्शियल (आसावरची, चाकांना ओढ देणाऱ्या दातेरी चाकांची पेटी) उघडले होते तेव्हा त्यातील लहान चाकाला, म्हणजे पिनियनला, 8 आणि मोठ्या चाकाला, म्हणजे क्राऊनला, 43 दात मोजले. टायर 6.00-16 मापाचे आहेत.
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : दात मोजून कळवलेत हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. आपले सध्याचे इंजिन 2112 सीसीचे असून ते मिनिटाला 4500 फेऱ्यांना सुमारे 62 अश्वशक्ती देते. जे इंजिन आपण आणू पाहता ते 3200 फेऱ्यांना सुमारे 63 अश्वशक्ती देते. म्हणजे शक्ती जवळपास तेवढीच राहते. वाढतो तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो सुमारे 12.3 वरून 18 किलोग्रॅम-मीटरच्या पुढे, म्हणजे जवळजवळ दीडपट होतो, तोही 1500 च्या आसपासच्या फेऱ्यांना. त्यामुळे पोती भरून घाट चढण्याची आपली अडचण हे इंजिन निश्चित दूर करील. मुलाची हौस मात्र ते भागवणार नाही, उलट मोडील.

त्याचे कारण असे की 8 आणि 43 दातांचे प्रमाण 5.38 होते आणि आपल्या मापाच्या टायरचा परीघ साधारण 2.2 मीटर भरतो. इंजिनाच्या फेऱ्या जशाच्या तशा पुढे देणाऱ्या वरच्या गिअरमध्ये जुने इंजिन 4500 फेऱ्यांवर ताणले तर हिशेबाने ताशी 110 किलोमीटर निघतात, पण डीआय इंजिन 3200 फेऱ्यांना थांबत असल्याने तीच जीप 78 च्या पुढे सरकणार नाही. मोठे इंजिन घातले की गाडी पळते हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे, आणि तो धरून खर्च केलेल्या अनेकांनी नंतर इंजिनालाच दोष दिलेला मी ऐकला आहे. आपण डिफरन्शियलमध्ये 8 आणि 39 दातांचा, म्हणजे 4.88 प्रमाणाचा संच घातला तर वेगमर्यादा 87 पर्यंत जाते आणि चाकावर येणारा टॉर्क तरीही आजच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त राहतो. 11 आणि 47 दातांच्या 4.27 च्या संचावर कागदोपत्री 99 निघतात, परंतु चढावरचा फायदा बराच घटतो, आणि उघड्या, चौकोनी बांध्याच्या जीपला 63 अश्वशक्ती त्या वेगावर कितपत पुरेल याची मला शंकाच आहे. मी आपल्या जागी असतो तर 4.88 वर थांबलो असतो. मात्र संच पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये एकाच प्रमाणाचा हवा. केवळ मागचा बदलला तर चारचाकी ओढ लावताच दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात, आणि कोरड्या, कठीण जमिनीवर ट्रान्सफर केसचे (दोन्ही आसांना ओढ वाटून देणाऱ्या पेटीचे) दात किंवा शाफ्ट जातात.

इंजिन घेताना त्याचे बेलहाऊसिंग (इंजिन व गिअरबॉक्स यांमधले कवच), फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स एकत्र घ्यावे हा सल्ला सर्वजण देतात आणि तो योग्यही आहे, पण भंगारातील बहुतेक बोलेरो दोनचाकी ओढीच्या असल्याने त्यांच्या गिअरबॉक्सला ट्रान्सफर केस बसतच नाही. म्हणून आपल्याला जुनाच गिअरबॉक्स ठेवून मध्ये अडॅप्टर प्लेट घालावी लागेल. ती घरी ग्राइंडरने कापू नये; कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी चांगल्या लेथवर करून घ्यावी, आणि क्रँकशाफ्टच्या टोकाचे, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारे पायलट बेअरिंग व क्लच प्लेटच्या खाचांची संख्या आधी जुळवून पाहावी. फाउंडेशनचे पाय चासीला पक्के जोडण्यापूर्वी इंजिन ठिगळ वेल्डिंगवर तोलून पाटे पूर्ण दाबले जातील असे वजन पुढे टाकावे, म्हणजे पुढचे डिफरन्शियल सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) लागते की नाही हे आधीच कळेल. टर्बोची उष्णता ब्रेकच्या नळीजवळ येऊ देऊ नये. रेडिएटरही मोठा लागेल.

ब्रेकविषयी आपण काही लिहिले नाही. जुन्या ड्रम ब्रेकना आज पोत्यांच्या भाराने उतार जड जात असेल, तर भार अधिक सहज वर नेणारे इंजिन घालण्यापूर्वी ते सुधारा.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण खरी अडचण तेथे आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. बिघडलेल्या इंजिनाच्या जागी त्याच नमुन्याचे इंजिन घालायचे तरी नोंदणी प्राधिकाऱ्याची संमती आणि नव्या क्रमांकाची नोंद लागते. आपण तर घनक्षमताच बदलू पाहता. परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे कलम 182-अ खाली 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हेच कारण पुढे करू शकते. त्यामुळे भंगारवाल्याला विसार देण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करा आणि लेखीच उत्तर घ्या.

ते उत्तर नकाराचे आले, आणि तेच येण्याची शक्यता अधिक आहे, तर निराश होऊ नका. एक्सडीपी इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न उडता आधी छोट्या कोठडीत उडते. त्यामुळे कॉम्प्रेशन थोडे खाली आले किंवा नोझल झिजले की ते लगेच दम सोडते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या, पंप आणि नोझल कॅलिब्रेट करा, एअर फिल्टर बदला. घाटात दमणाऱ्या पुष्कळ जीपना मोठे इंजिन नको असते, त्यांना त्यांचेच इंजिन परत हवे असते.

प्रश्न : फक्त शेतात वापरण्याच्या जीपला मी गेल्या वर्षी मोठे डिझेल इंजिन बसवले. तेव्हापासून दोन क्लच प्लेट आणि एक पायलट बेअरिंग गेले. लेथवाला म्हणतो अडॅप्टर प्लेट बरोबर आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्लेटची जाडी बरोबर असेल, पण मध्य सरकलेला असावा. गिअरबॉक्स उतरवा, फ्लायव्हीलला डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावून बेलहाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेने एक पूर्ण फेरी फिरवा. काटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फार जास्त हलला, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या रेषेत नाही असे समजा. मग पायलट बेअरिंग कितीही भारी आणले तरी ते टिकणार नाही. अडॅप्टरच्या मार्गदर्शक खुंट्यांची भोके पुन्हा करून घ्या, आणि गिअरबॉक्स चढवताना बोल्ट आवळून तो आत ओढू नका. हाताने सरकला तरच तो जुळलेला असतो.