जपानात नव्याने राहायला येताय? आधी कचरा शिकून घ्या

पत्ता ठरला की 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंदवायचा आणि रेसिडेन्स कार्ड कायम खिशात ठेवायचं, हे तुम्हाला कंपनी सांगेलच. कचऱ्याचं मात्र कोणी नीट सांगत नाही. नोंदणी करतानाच तिथून कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या. जळणारा, न जळणारा, डबे-बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि गाव बदललं की नियमही बदलतात. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, विसळूनच टाकायची. पिशवी सकाळीच ठेवा आणि वर जाळी नीट ओढा, नाहीतर कावळे सगळं रस्त्यावर पसरतात. (इथले कावळे आपल्याकडच्या कावळ्यांपेक्षा चांगलेच दांडगे!) चुकीची पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडून देतात आणि कोणाची ते शेजाऱ्यांना बरोबर कळतं. जुनी गादी, खुर्ची टाकायची तर आधी नोंदणी करून पैसे भरावे लागतात. रस्त्यावर कचराकुंडी शोधू नका. 1995 च्या तोक्यो मेट्रोतल्या सारिन हल्ल्यानंतर त्या बऱ्याच ठिकाणांहून हटवल्या. कचरा घरी न्यायचा.

संध्याकाळी भोंग्यातून गाणं वाजलं तर दचकू नका, आपत्तीच्या सूचना देणारी यंत्रणा चालू आहे ना, ते त्यातून तपासलं जातं.

शाकाहारी असाल तर मिसो सूपही विचारूनच घ्या, त्यात बहुधा माशाचं दाशी (उकळून काढलेलं सार) असतं. डाळ-मसाल्यांना तोक्योतली भारतीयांची वस्ती, निशी-कासाई गाठा, मराठी बोलणारंही कोणीतरी भेटेल.