‘रिफ्रेन’ म्हणजे कोणी कोणाला आवरायचे?

‘रिफ्रेन’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते वाक्यात कसे वापरावे आणि ‘रिस्ट्रेन’ व ‘अब्स्टेन’ यांहून ते वेगळे कसे, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात दाव्यांच्या कागदपत्रांचे इंग्रजीत भाषांतर करते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्यामुळे अशा भाषांतराची गरज वाढली आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देते.

‘रिफ्रेन’ म्हणजे एखादी कृती करण्याची इच्छा किंवा संधी असूनही ती न करणे, स्वतःला आवरणे. येथे आवरणारा आणि आवरला जाणारा एकच असतो, त्यामुळे आजच्या इंग्रजीत हे क्रियापद अकर्मक आहे. ‘ही रिफ्रेन्ड फ्रॉम कॉमेंटिंग’, म्हणजे त्याने भाष्य करण्याचे टाळले. ‘फ्रॉम’नंतर क्रियापदाचे ‘-इंग’ रूप किंवा नाम येते. ‘रिफ्रेन टू कॉमेंट’ ही रचना चूक आहे.

घोळाचे मूळ मला आपल्या ‘आवरणे’ या क्रियापदात दिसते. आपण रागही आवरतो, हसूही आवरतो आणि भांडायला निघालेल्या भावालाही आवरतो. इंग्रजीत मात्र दुसऱ्याला आवरण्यासाठी ‘रिस्ट्रेन’ लागते, आणि ‘पोलिसांनी जमावाला आवरले’ या वाक्यात ‘रिफ्रेन’ मुळीच बसत नाही. राग, अश्रू अशा स्वतःच्या भावनांसाठीही ‘रिस्ट्रेन’च येते, कारण तेथे भावना हे कर्म असते. न्यायालयाच्या कागदांत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. मनाई हुकुमाने प्रतिवादीला बांधकाम करण्यापासून रोखले, तर तो ‘रिस्ट्रेन्ड’ झाला. त्याने स्वतः हमीपत्र लिहून दिले की निकालापर्यंत मी बांधकाम करणार नाही, तर तेथे ‘शॅल रिफ्रेन’ शोभते. एक शब्द चुकला तर बंधन कोणी घातले हेच बदलते. शब्दकोशातील ‘परावृत्त करणे’ हा अर्थ पाहून येथे फसू नये. आपल्याला हवे ते ‘परावृत्त होणे’.

जुन्या इंग्रजीत हे सकर्मकही होते. १६११ च्या बायबल भाषांतरात ‘रिफ्रेन दाय फूट’, म्हणजे आपले पाऊल आवर, असा प्रयोग आहे. मूळ लॅटिन शब्दात लगाम आहे, आणि लगाम कोणाला तरी घालावा लागतो, हे पाहता तो प्रयोग स्वाभाविकच वाटतो. पण आज तसे लिहू नये.

‘अब्स्टेन’चा कल व्रतासारख्या किंवा तत्त्वाने पाळलेल्या वर्ज्यतेकडे असतो: दारू, मांसाहार इत्यादी. मतदानात तटस्थ राहण्यासाठीही हाच शब्द ठरलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत दोन्ही शब्द भेटतात. कलम २ मध्ये सदस्य राष्ट्रांनी बळाची धमकी व वापर यांपासून ‘रिफ्रेन’ करावे असे आहे, तर कलम २७ मध्ये सुरक्षा परिषदेच्या काही निर्णयांच्या वेळी वादातील पक्षाने मतदानापासून ‘अब्स्टेन’ करावे असे. ‘विदहोल्ड’ला मात्र कर्म लागते: रक्कम, माहिती किंवा संमती रोखून धरणे.

सार्वजनिक फलकांवर ‘प्लीज रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग’ लिहितात, तेव्हा तो मनाईचाच सौम्य, औपचारिक सूर असतो. रोजच्या बोलण्यात हा शब्द जड वाटतो. मित्राला सांगताना ‘डोन्ट’ पुरते. उलट ‘मला बोलल्यावाचून राहवले नाही’ या आपल्या सुंदर रचनेला ‘आय कुड नॉट रिफ्रेन फ्रॉम स्पीकिंग’ चांगले जुळते.

‘रिफ्रेन’ हे नाम आढळले, तर त्याचा अर्थ ध्रुवपद किंवा पालुपद असा घ्यावा. त्याचे लॅटिन मूळ वेगळे आहे, आणि आवरण्याशी त्याचा संबंध नाही.