सिंगापूरचा रेल कॉरिडॉर सत्तरीकडे झुकलेल्या वडिलांना घेऊन पूर्ण चालता येईल का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात सिंगापूरला येताय, सोबत ६८ वर्षांचे वडील आहेत, तर बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी झालेली हिरवी वाट पूर्ण चालावी की नुसता लोखंडी पूल बघून, फोटो काढून परत यावं. माझं उत्तर असं की पूर्ण चाला, फक्त एका दिवसात नको. मी स्वतः ती एका दमात चाललोय, आणि माझ्या वडिलांबरोबर दोन सकाळी मिळूनही चाललोय. दुसरी खेप कितीतरी जास्त लक्षात राहिली.

वाट २४ किलोमीटरची आहे. उत्तरेला वूडलँड्स-क्रांजीकडून निघते आणि दक्षिणेला तांजोंग पगारजवळ संपते, म्हणजे बेट आरपार होतं. आकड्याने घाबरू नका, कारण चढ नाही. आगगाडीला जो चढ झेपायचा तेवढाच तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांना लागेल, आणि आगगाडीला फार चढ झेपत नाही. शेजारी बुकित तिमाहची टेकडी उभी असते, पण वाट टेकडीला वळसा घालून, कधी कापून सपाट निघून जाते. त्रास होतो तो उन्हाचा आणि दमट हवेचा, चालण्याचा नाही.

ही जमीन एवढी मोकळी का राहिली हे ठाऊक असेल तर चालताना मजा वेगळी येते. सिंगापूर १९६५ साली मलेशियातून वेगळं झालं, पण रेल्वे आणि तिच्या रुळांखालची जमीन मलेशियाच्या रेल्वेकडेच राहिली. एवढ्या महाग शहराच्या मधोमध एक अरुंद पट्टी, जिच्यावर सिंगापूरला काही बांधता येत नव्हतं! १९९० साली या जमिनीबद्दल करार झाला, त्याच्या अर्थावरून दोन्ही देशांत वीस वर्षं वाद चालला, आणि २०१० साली जमिनीच्या बदल्यात जमीन असा तोडगा निघाला. ३० जून २०११ च्या रात्री शेवटची गाडी तांजोंग पगारहून सुटली. ती मलेशियातल्या जोहोर राज्याच्या सुलतानांनी स्वतः चालवली. बहुतेक रूळ उखडून मलेशियाला परत गेले. जागेचं काय करायचं यावर इथल्या निसर्गप्रेमी मंडळींनी आधीच सविस्तर प्रस्ताव दिला होता की ही पट्टी अखंड आणि हिरवी ठेवा. सरकारने ते ऐकलं. मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या एका गोष्टीसाठी.

रूळ काढण्याआधी जुलै २०११ मध्ये काही दिवस पूर्ण मार्ग लोकांसाठी खुला केला होता. मी तेव्हा इथे नवीन होतो. एकटाच, खडीवरून आणि रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवरून, म्हणजे स्लीपरवरून, चाललो. स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलाला कधीच जुळत नाही, एक पाऊल आखूड पडतं नाहीतर दोन स्लीपर ओलांडावे लागतात. संध्याकाळपर्यंत पिंढऱ्या भरून आल्या. आता तसं नाही. दाबून बसवलेल्या मातीची आणि बारीक खडीची वाट आहे, दोन्ही बाजूंना गवत.

वडिलांना नेलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ते अकोला-खंडवा मीटर गेजवर पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. मेळघाटातून जाणारी, धूळघाटला स्वतःभोवती वेढा घेणारी ती लाइन. २०१७ पासून तिथली गाडी बंद झाली, आणि आमचे बाबा त्या विषयावर फारसं बोलत नाहीत. बुकित तिमाह स्टेशनला मात्र ते बोलले. हे छोटंसं विटांचं स्टेशन १९३२ सालचं, दुरुस्त करून २०२२ मध्ये पुन्हा उघडलंय. फलाट आहे, नावाची पाटी आहे, आणि समोर रुळाचा एक तुकडा मुद्दाम ठेवलाय. बाबा उकिडवे बसले आणि दोन रुळांमधलं अंतर वितीने मोजलं. साडेचार विती भरल्या. म्हणाले, "हे त आपलंच मीटर गेज हाय."

या लाइनवर एकच रूळमार्ग होता आणि इथे गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं. समोरून गाडी येत नाही याची खात्री म्हणून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला टोकन, म्हणजे पुढे जायचा परवाना, द्यायचे, ते कड्यात अडकवून. ही पद्धत इथे शेवटपर्यंत, २०११ पर्यंत टिकली होती. आपल्याकडे त्या कड्याच्या पिशवीत गोळा असायचा, इथे चावी. एवढाच फरक. मी हे सांगितलं तर बाबा फलाटाच्या कडेला उभे राहिले, उजवा हात वर केला, मनगट जरा तिरपं. "कडं असं धरायचं. वरच्याचा हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे, अन् गेला की आपण झटक्यात मागं." मग खरोखर एक पाऊल मागे सरकले. सायकलवरून चाललेली एक मुलगी थांबून बघत होती. तिने विचारलं आणि बाबांनी तिला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं पुन्हा करून दाखवलं.

म्हणून सांगतो, वडील रेल्वेतले नसले तरी त्यांच्या लहानपणी मीटर गेज किंवा कोळशाचं इंजिन असणारच. स्टेशनसाठी तासभर हातात ठेवा.

आता बेत. पहिल्या सकाळी बुकित तिमाह स्टेशनपासून दक्षिणेकडे निघा, साधारण दहा किलोमीटर. किंग आल्बर्ट पार्क मेट्रोला उतरलात की स्टेशन जवळच आहे. या भागात मोठ्या झाडांची सावली आहे, पुढे बुओना व्हिस्टा, मग टँग्लिन हॉल्ट. या वस्तीचं नावच इथे गाडी थांबायची त्यावरून पडलंय. मधे घिम मोहला वाट सोडून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत जा, बर्फ घातलेला उसाचा रस लिंबू पिळून मिळतो. शेवट स्पूनर रोडच्या अलीकडे-पलीकडे होतो. तांजोंग पगारचं मूळ स्टेशन पुढे आहे, दर्शनी भागावर शेती, व्यापार, वाहतूक, उद्योग असे चार संगमरवरी पुतळे. आम्ही गेलो तेव्हा मेट्रोच्या कामामुळे आत सोडत नव्हते.

दुसऱ्या सकाळी क्रांजी मेट्रोपासून बुकित तिमाह स्टेशनकडे निघा. हा टप्पा मोठा आहे आणि सुरुवातीला कारखान्यांची वस्ती लागते, तिथे रेंगाळण्यासारखं काही नाही. हिलव्ह्यूपासून खरी गंमत. रेल मॉलजवळचा लोखंडी पूल, मग बुकित तिमाहच्या जंगलाला लागून जाणारी गर्द वाट. धनेशाची जोडी आम्हाला इथेच दिसली. लाजाळू तर वाटेच्या कडेला जागोजाग आहे, बाबा प्रत्येक झुडपाला बोट लावत चालले होते. कोकीळ इतकी ओरडते की आपण विदर्भात आहोत असं वाटावं. माकडं दिसली तर पिशवीतलं खाणं बाहेर काढू नका. दमलात तर हिलव्ह्यूला मेट्रो आहे, तिथून सरळ परत फिरा.

सकाळी सातच्या आत पाय वाटेवर हवेत. इथे उजाडतंच सातच्या सुमाराला, आणि दहानंतर वयस्कर माणसाला चालवू नये. दुपारी विजांचा पाऊस येतो. ढग भरले की झाडाखाली थांबू नका, जवळच्या रस्त्यावर निघून छप्पर गाठा. पावसानंतर काही ठिकाणी चिखल होतो, मी कापडी बूट घालून गेलो होतो आणि पुढचे सहा किलोमीटर ओल्या मोज्यांत काढले. माणशी दीड लिटर पाणी, डासांचं मलम, टोपी. वाटेवर दिवे नाहीत. स्वच्छतागृहं मोजकी आहेत, बुकित तिमाह स्टेशनला आहे, तिथे आठवणीने जाऊन या. डावीकडून चाला, मागून सायकली येतात. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क्सच्या संकेतस्थळावर एखादा भाग कामासाठी बंद आहे का ते बघून घ्या.

एकच सकाळ हातात असेल तर हिलव्ह्यू ते बुकित तिमाह स्टेशन करा, चारेक किलोमीटर. रेल मॉलजवळचा आणि स्टेशनजवळचा असे दोन्ही लोखंडी पूल, जंगल आणि स्टेशन एवढ्यातच येतं.